ग्रंथपालांनाही सराव पाठ हवेत

बी.एड. केलेल्या कुठल्याही शिक्षकाला सराव पाठांबद्दल विचारा, ते दिवस त्याला लख्ख आठवतात. टाचण वही, मागच्या बाकावर बसलेले निरीक्षक, पाठ संपल्यावर सगळ्यांसमोर ऐकून घ्यावे लागणारे अभिप्राय. आम्हा ग्रंथपालांच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. बी.लिब.ला मी ड्युई दशांश वर्गीकरणाचे जाडजूड खंड चाळून वर्गांक काढायला शिकले, एएसीआर-२ या तालिकीकरणाच्या नियमावलीनं तालिकापत्रं (पुस्तकांच्या नोंदींची कार्डं) लिहायला शिकले, संदर्भग्रंथांची नावं पाठ केली. एखादी माहिती कशी शोधायची आणि ती खरी आहे का हे कसं ताडून बघायचं, हे समोरच्या माणसाला शिकवण्याचा सराव मात्र कुणी करून घेतला नाही. आज माझ्या कामाचा सगळ्यात मोठा भाग तोच आहे.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळते. शिवाय आसपासच्या गावांतल्या सार्वजनिक वाचनालयांच्या ग्रंथपालांसाठी अधूनमधून शिबिरं घेते. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली, अ-ब-क-ड वर्गांतली ही वाचनालयं. शिबिराला येणारी माणसं नाना तऱ्हेची असतात. कुणी निवृत्त प्राथमिक शिक्षक, कुणी जिल्हा ग्रंथालय संघाचा प्रमाणपत्र वर्ग नुकताच केलेली मुलगी, कुणी सकाळी शेताला पाणी पाजून आलेले काका. मानधन तुटपुंजं, तेही वेळेवर हातात पडेल याची खात्री नाही. तरी ही माणसं रोज कुलूप उघडतात, वर्तमानपत्रं लावतात, दिवे-पंखे बघतात. या लोकांबद्दल मला फार आदर आहे आणि या लेखात जे काही मागणार आहे ते त्यांच्यासाठीच मागणार आहे.

त्यांच्याकडे येणारे प्रश्न बदललेत. पूर्वी वाचक कादंबरी मागायचा, दिवाळी अंकांची वाट बघायचा, फार तर शब्दकोशात काहीतरी बघून जायचा. आता अभ्यासिकेतला मुलगा विचारतो, "परीक्षा पुढं गेली म्हणून मेसेज फिरतोय, खरं आहे का?" शेतकरी मोबाईल पुढे करून म्हणतो, "हे औषध चालतंय का बघा की." अंगणवाडीच्या ताई शासन निर्णयाचा फोटो दाखवतात. कुणाला सातबारा ऑनलाइन काढायचा असतो, कुणाला शिष्यवृत्तीच्या अर्जाची खरी वेबसाइट कुठली हे कळत नसतं. वाचनालयात पुस्तकं आहेत तशी ही माणसंही रोज आहेत, आणि त्यांचा ग्रंथपालावर विश्वास आहे. ग्रामपंचायतीत विचारायला संकोच वाटतो, तिथं कुणी हसेल असं वाटतं. वाचनालयात तसं वाटत नाही.

या सगळ्याला आमच्या विषयात माहिती साक्षरता म्हणतात. १९७४ साली पॉल झुरकोव्स्की या अमेरिकन माणसानं ही संकल्पना मांडली तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर उद्योगधंद्यांतली माणसं होती. पुढे १९८९ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघाच्या अहवालानं ती सरळ ग्रंथालयांच्या अंगणात आणून ठेवली. माहितीची गरज ओळखणं, ती शोधणं, पारखणं, वापरणं, एवढं सगळं त्यात येतं. युनेस्कोनं २००८ मध्ये शिकवणाऱ्यांना शिकवण्यासाठी जगभर कार्यशाळा घेतल्या, त्यातली एक आपल्याकडे पतियाळाला झाली. म्हणजे प्रशिक्षणाचा विचार कुणी केलाच नाही असं नाही. पण तो विचार विद्यापीठांच्या सभागृहांपर्यंत आला आणि तिथंच थांबला. गावच्या वाचनालयापर्यंत आला तो चर्चासत्राच्या रूपात: दीपप्रज्वलन, बीजभाषण, पडद्यावर व्याख्या, दुपारी जेवण, चार वाजता प्रमाणपत्र. माहिती साक्षरता म्हणजे काय हे त्या दिवशी ऐकलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी काउंटरवर नेमकं काय बोलायचं हे कळत नाही. भाकरी थापणं नुसतं बघून येत नाही, पीठ हाताला लागावं लागतं.

आता मूळ अडचण सांगते. ती आमच्या प्रशिक्षणात नाही, आमच्या चांगुलपणात आहे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची पंचसूत्री आम्ही सगळेच शिकतो. १९३१ मध्ये त्यांनी ती ग्रंथरूपात मांडली. त्यातलं चौथं सूत्र आहे, वाचकाचा वेळ वाचवा. चांगला ग्रंथपाल हे सूत्र रक्तात भिनवून घेतो. वाचकानं विचारायचा अवकाश, की आम्ही कपाटाकडे धावतो, पान उघडून हातात देतो, मोबाईल मागून घेतो आणि दोन मिनिटांत काम करून परत देतो. वाचक खूश, आम्ही खूश. पण त्या दोन मिनिटांत वाचकानं काय पाहिलं? आमच्या अंगठ्याची हालचाल. पुढच्या वेळी तो पुन्हा येणार, आणि वाचनालय बंद असेल त्या दिवशी जो पहिला मेसेज दिसेल त्यावर विश्वास ठेवणार. शिकवायचं तर त्याचा थोडा वेळ घ्यावा लागतो. उत्तर माहीत असताना ओठांवर थोपवावं लागतं. सेवाभावी माणसाला ही गोष्ट जड जाते, आणि माझ्या अनुभवात ग्रंथपालाला शिकवायला तयार करण्यातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे.

रंगनाथन स्वतः शिक्षक होते हे आपण विसरतो. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्याआधी ते गणित शिकवत. नव्या वाचकाला ग्रंथालय वापरण्याची दीक्षा देण्याबद्दल त्यांनी संदर्भसेवेच्या विवेचनात आवर्जून लिहिलंय. म्हणून चौथ्या सूत्राचा अर्थ मी असा घेते: आज पाच मिनिटं घ्या, त्याच्या पुढच्या पाच वर्षांतला वेळ वाचवा. माझ्या शिबिरात हे पहिल्याच अर्ध्या तासात बोलून टाकते, कारण जुन्या जाणत्या ग्रंथपालांच्या मनातली खळखळ त्यानंच कमी होते.

एक प्रसंग जवळून सांगते. आमच्या शेजारच्या गावातल्या एक अंगणवाडी सेविका शासन निर्णयाचा फोटो घेऊन आल्या. मानधनवाढीचा. त्यांच्या ग्रुपवर दोन दिवस तो फिरत होता, पेढे वाटायच्या गोष्टी चालल्या होत्या. "मॅडम, खरं हाय का ओ हे?" मी फोन हातात घेतला नाही. म्हटलं, "ताई, बसा इथं माझ्या शेजारी. तुमच्याच मोबाईलवर बघू. आधी सांगा, हा कागद काढलाय कुणी?" त्यांनी फोटो मोठा केला, वरचं वाचलं: महिला व बाल विकास विभाग. "आता एकदम खाली जा." शासन निर्णयाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं, की हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो लांबलचक आकडा बहुतेक लोक वाचतच नाहीत. मी त्यांना म्हटलं, "पहिले आठ आकडे वाचा." त्यांनी मोठ्यानं वाचले. पहिले चार म्हणजे वर्ष, मग महिना, मग दिवस. वाचता वाचता त्या स्वतःच थांबल्या. "हे तर मागल्या टायमाचं हाय." निर्णय खरा होता, खोटेपणा कागदात नव्हता. कितीतरी जुना कागद कुणीतरी नवा म्हणून पुढे सरकवला होता. मग शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर तो संकेतांक टाकून मूळ कागद त्यांनीच उघडला.

मी नुसतं "जुना आहे ताई" म्हटलं असतं तर दहा सेकंदांत काम झालं असतं. त्या दिवशी पंधरा मिनिटं गेली. पुढे त्यांच्या ग्रुपवर असला कागद आला की त्याच विचारतात, "संकेतांक दिसंना, खालचं पान टाका." हे मला दुसऱ्याच एका सेविकेकडून कळलं.

शिबिरात मी हाच प्रसंग घेते, पण सांगत नाही, करून घेते. यासाठी बी.एड.मधून सूक्ष्म अध्यापन उसनं आणलंय. साठच्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत उभी केली, आणि आपल्याकडे एनसीईआरटीनं तिचं ३६ मिनिटांचं चक्र रूढ केलं: ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं अभिप्राय, १२ मिनिटं पुन्हा आखणी, ६ मिनिटं पुन्हा पाठ, ६ मिनिटं पुन्हा अभिप्राय. एका वेळी एकच कौशल्य. समोर चार-पाच जण, तेही सहकारीच. आमच्या गरजेला हे इतकं चपखल बसतं की ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात ते आजवर कसं आलं नाही याचं मला नवल वाटतं. वाचकाशी बोलायला ग्रंथपालाला मिळतातच मुळी पाच-सहा मिनिटं! तासाभराचा वर्ग घ्यायची वेळ त्याच्यावर क्वचित येते. त्याचा वर्ग काउंटरवर, उभ्या उभ्या, एका माणसाचा असतो.

नियम दोनच ठेवते. पहिला, वाचकाच्या मोबाईलला किंवा माउसला हात लावायचा नाही. दुसरा, मनात जे चाललंय ते मोठ्यानं बोलायचं. "मी आता गुगलवर आलेलं पहिलं नाव उघडत नाही, कारण त्याच्यावर प्रायोजित लिहिलंय. मी आधी पत्ता बघतो. पत्ता बघताना सुरुवातीचं नाव सोडून देतो आणि 'https://' मधल्या रेषा सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेषेच्या लगेच आधी काय आहे ते बघतो. तिथं जीओव्ही डॉट इन आहे का? मधेच कुठंतरी जीओव्ही लिहून शेवटी डॉट कॉम असेल तर ते सरकारी नाही." अनुभवी ग्रंथपाल हे सगळं क्षणार्धात करतो, पण बोलत नाही. त्याला स्वतःलाही आपण काय करतो ते सांगता येत नाही. बोलायला लावलं की पहिल्या पाठात गाडी अडखळते, वाक्यं तुटतात, आणि तिथंच प्रशिक्षणाची खरी सुरुवात होते.

द्राक्षपट्ट्यातल्या एका वाचनालयाचे काका होते. घरची एकरभर बाग, पन्नाशी ओलांडलेली, आवाज खणखणीत. त्यांच्या पाठाला मी प्रश्न दिला होता: शेतकरी विचारतोय, ग्रुपवर डावणीसाठी, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगासाठी, एक औषध सुचवलंय, माल काढणीला आलाय, फवारू का? काकांनी पहिल्या पाठात सहाच्या सहा मिनिटं औषधावर व्याख्यान दिलं. कुठलं चांगलं, कुठलं महाग, त्यांनी स्वतः काय मारलं होतं. सगळं माहितीपूर्ण होतं, आणि समोर शेतकरी बनून बसलेली मुलगी मान डोलवत राहिली. अभिप्रायात तिनंच सांगितलं, "काका, मला उत्तर मिळालं, पण पुढच्या फवारणीला मी परत तुमच्याकडंच येणार." काका क्षणभर गप्प झाले. मग बारा मिनिटं कागदावर खाडाखोड करत बसले.

दुसऱ्या पाठात त्यांनी आधी प्रश्न विचारले. माल परदेशी जाणार की इथल्याच मार्केटला? काढणीला किती दिवस? औषधाचं नाव काय म्हणून नव्हे, डब्यावर घटक काय लिहिलाय? मग म्हणाले, "आता आपण दोघं मिळून यादी उघडू." पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निर्यातीच्या द्राक्षांसाठी शिफारस केलेल्या औषधांची यादी काढतं. आमच्याकडे सगळे तिला अनेक्शर पाच म्हणतात. त्यात घटक कुठला, कशासाठी, मात्रा किती आणि पीएचआय, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचं अंतर हवं, हे सगळं ओळीनं दिलेलं असतं. यादी कुठल्या तारखेची आहे हे बघायलाही काकांनी त्या मुलीलाच लावलं. शेवटी म्हणाले, "फवारायचं का नाही, ते तू आणि तुझा सल्लागार ठरवा. मी फक्त यादी कुठं असते आणि कशी वाचायची ते दाखवलं." मला तिथं टाळी वाजवावीशी वाटली, आणि मी वाजवलीच. ग्रंथपालाची हद्द कुठं संपते हे कुठल्याही पुस्तकापेक्षा नेमकं त्यांनी सांगितलं होतं.

हा विषय आमच्याकडे किती गंभीर आहे ते बागायतदारांना वेगळं सांगायला नको. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. त्याचे चटके अख्ख्या द्राक्षपट्ट्यानं सोसले. डब्यावरची आणि यादीतली बारीक अक्षरं वाचता येणं ही आमच्या भागात पोटापाण्याची गोष्ट आहे.

शिबिरात आणखी एक गोष्ट मी आग्रहानं सांगते, कारण तिच्याबद्दल ग्रंथपालांमध्येच गैरसमज आहे. वेबसाइट पारखायला आम्हाला एक तपासयादी शिकवली गेली. लेखक कोण, तारीख काय, संपर्काचा पत्ता आहे का, भाषा शुद्ध आहे का, मांडणी नीटनेटकी आहे का. ही यादी त्याच पानावर बसून वापरायची. पण खोटं पसरवणारा माणूसही आता देखणं पान बनवतो, शुद्ध लिहितो, पत्ता देतो. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला. १० पीएच.डी. झालेले इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ पदवीचे विद्यार्थी. त्यांच्यासमोर दोन बालरोगतज्ज्ञ संघटनांची संकेतस्थळं ठेवली, नावं सारखीच भारदस्त. त्यातली एक जुनी आणि प्रचंड मोठी संघटना, दुसरी तिच्यातून फुटून निघालेला छोटा गट. विद्यार्थी पानावरच रेंगाळले आणि बहुतेक फसले. इतिहासकारांतलेही कित्येक जण घोटाळ्यात पडले. तपासनीस मात्र एकही चुकला नाही, कारण ते त्या पानावर थांबलेच नाहीत. लगेच नवी टॅब उघडून या संघटनेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते त्यांनी शोधलं.

नव्या माणसाची सोयरीक आली तर आपल्या गावात काय करतात? त्याच्याच घरी बसून त्याचंच बोलणं ऐकून ठरवत नाहीत, गावात चार ठिकाणी चौकशी करतात. हे शहाणपण आमच्या वाचकांकडे मुळात आहे, ते मोबाईलवर कसं वापरायचं एवढंच दाखवायचं असतं. म्हणून तपासयादी मी शिबिरातून काढून टाकली. तिच्या जागी एकच सवय शिकवते: पान सोडा, बाहेर जा, दुसरीकडे विचारा. त्या विषयावर मराठी विश्वकोशात काय आहे? सरकारी असेल तर त्या खात्याच्या संकेतस्थळावर आहे का? बातमी असेल तर दोन-तीन वेगळ्या वर्तमानपत्रांत आली का? वाचनालयाच्या टेबलावर चार वर्तमानपत्रं रोज पडलेली असतात, त्यांचा हा उपयोग आपण वाचकांना दाखवतच नाही.

महाविद्यालयातलं चित्र वेगळं, पण अडचण तीच. दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास प्रथम वर्षाच्या मुलांना सभागृहात बसवून ग्रंथालय परिचय होतो. वेळा, दंड, बार कोड, ई-संसाधनांची लांबलचक यादी. मुलं ऐकतात आणि विसरतात, कारण त्या दिवशी त्यांना काहीच शोधायचं नसतं. गरज लागते ती पर्यावरणाचा प्रकल्प जमा करायच्या आठवड्यात. त्या आठवड्यात मी वर्गावर जाते, शिक्षकांकडून अर्धाच तास मागून घेते. एका वर्षात जितकं सभागृहात होत नाही तितकं त्या अर्ध्या तासात होतं.

अलीकडे तिथं एक नवीनच काम उभं राहिलंय. मुलगा संदर्भांची यादी घेऊन येतो, म्हणतो, "मॅडम, हे लेख आपल्याकडे सापडत नाहीत." यादी चॅटजीपीटीनं बनवलेली असते. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, वर्ष, खंड, पानं सगळं साजेसं, आणि लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नाही. शिबिराला येणाऱ्या महाविद्यालयीन ग्रंथपालांना मी अशी एक मिश्र यादी देते, काही संदर्भ खरे, काही रचलेले. शीर्षक अवतरणात घालून गुगल स्कॉलरवर शोधायचं. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, दिला असेल तर तो उघडून बघायचा, तो भलत्याच लेखावर जातो का? नियतकालिकाच्या संकेतस्थळावर जाऊन त्या खंडाची अनुक्रमणिका चाळायची, त्या पानांवर प्रत्यक्षात कुठला लेख आहे? प्रबंधाचा संदर्भ असेल तर शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात तो आहे का? हे सगळं ग्रंथपालाला येतं. कठीण आहे ते मुलाला लाज न वाटू देता हे त्याच्याकडून करून घेणं. "तू कॉपी केलीस" असं म्हटलं की मुलगा परत फिरकत नाही. "चल, यातला एक तरी लेख प्रत्यक्ष वाचायला मिळतो का बघू" म्हटलं की तो खुर्ची ओढून बसतो. आणि दोन लेख मुळात नाहीतच हे स्वतः पाहिलं की त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, त्यानंतर वेगळं काही सांगावं लागत नाही.

मोठ्या माणसांच्या बाबतीत तर हा मान सांभाळणं आणखी नाजूक. पारावरच्या आबांनी दाखवलेला मेसेज चारचौघांत "खोटं आहे" म्हणायचं नसतं. आबा मेसेज सोडत नाहीत, वाचनालय सोडतात. त्याऐवजी, "आबा, हे कुठल्या गावचं म्हणतायत? तिथं आपलं कुणी पाहुणं आहे का, फोन लावून बघू?" हा सराव आम्ही मुद्दाम सांगलीच्या बोलीत करतो. प्रमाण भाषेत केलेला पाठ शिबिरात छान वाटतो आणि पारावर निरुपयोगी ठरतो.

यावर मी इतका जोर का देते? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावानं पाच जणांना ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती. मारले गेलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते, बहुतेक जण मंगळवेढा तालुक्यातले. मंगळवेढा म्हणजे आमच्या जत तालुक्याला लागून असलेला मुलूख. त्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. यंत्रानं घातलेली मर्यादा ठीक आहे, पण मेसेज वाचणारा माणूस गावातच असतो, आणि गावात कुणाचा तरी शब्द ऐकला जातो. ते कुणीतरी ग्रंथपाल असावं असं मला मनापासून वाटतं.

तर मागणी साधी आहे. ग्रंथालय प्रमाणपत्र वर्गापासून एम.लिब.पर्यंत प्रत्येक टप्प्यावर प्रत्यक्ष पाठ ठेवा. वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिकाला जसे गुण असतात तसे शिकवण्याच्या प्रात्यक्षिकाला ठेवा. परीक्षेच्या खोलीत खरा वाचक आणून बसवा, गावातला, खऱ्या प्रश्नासह, आणि ग्रंथपालानं उत्तर दिलं का हे न बघता वाचक पंधरा दिवसांनी तोच शोध एकट्यानं घेऊ शकतो का ते बघा. १९११ मध्ये बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं, अमेरिकेहून आलेल्या बॉर्डन यांच्या हाताखाली ग्रंथपालांचं प्रशिक्षण सुरू झालं, तेव्हा पुस्तकं गावोगाव पोचवणं ही त्या काळाची निकड होती. तिथं शिकलेल्यांनी फिरती ग्रंथालयं चालवून ती भागवली. आजची निकड वेगळी आहे, आणि तिच्यासाठी अभ्यासक्रम बदलायला कुठल्या इमारती किंवा महागडी यंत्रं लागत नाहीत.

तोवर आम्ही थांबलेलो नाही. आमच्या भागातल्या वाचनालयांत एक वही ठेवलीय. वाचकाचं नाव नाही, फक्त त्यानं विचारलेला प्रश्न, त्याच्याच शब्दांत, आणि तारीख. पावसाळ्यात पीकविम्याचे प्रश्न येतात, जूनमध्ये दाखल्यांचे, द्राक्षांच्या गोडी छाटणीनंतर डावणी-भुरी या रोगांचे, जाहिराती निघाल्या की अभ्यासिकेतल्या मुलांचे. या वह्यांतूनच पुढच्या शिबिराच्या सराव पाठांचे प्रश्न निवडते. तुम्ही कुठल्याही वाचनालयात काम करत असाल, कोकणात, विदर्भात, मुंबईत, तर अशी एक वही सुरू करा आणि महिन्याभरानं ती तुमच्या शेजारच्या वाचनालयातल्या माणसासोबत उघडून बसा. एकानं वाचक व्हायचं, एकानं ग्रंथपाल. सहा मिनिटांचा गजर लावा. फोन वाचकाच्याच हातात राहू द्या.